पाणी बदललं की श्रिम्प का मरतात?

प्रश्न : माझ्या ३० लिटरच्या मत्स्यालयाच्या टाकीत चाळीसेक लाल चेरी श्रिम्प (गोड्या पाण्यातल्या छोट्या शोभेच्या कोळंब्या) आहेत. दर रविवारी निम्मं पाणी बदलते. सोमवार-मंगळवारी हमखास दोन-तीन मेलेले सापडतात आणि डोक्यामागे पांढरी रिंग दिसते. पाणी स्वच्छ आहे, फिल्टर चालू असतो. टाकीचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) ३१० आहे, नळाचा ७५. चुकतंय कुठे? (ठाणे)

तुम्ही दिलेल्या दोन आकड्यांतच उत्तर आहे. निम्मं पाणी बदललं की टीडीएस ३१० वरून थेट १९० च्या आसपास येतो, तोही अर्ध्या तासात. माशांना हे एक वेळ चालून जातं. श्रिम्पला मात्र अशा झटक्याने अवेळी कात टाकावी लागते. आतलं नवं कवच तयार नसतं आणि जुनं सुटत नाही.

कात नीट टाकली जाते तेव्हा डोक्याचं कवच आणि पाठीचे पट्टे यांच्या मधल्या सांध्यावर, फक्त वरच्या बाजूला फट पडते. त्या फटीतून श्रिम्प एका झटक्यात मागे उसळून बाहेर येतो. तुम्हाला दिसलेली रिंग म्हणजे ही फट पोटाखालून पूर्ण वर्तुळात गेलेली. कवचाचे दोन सुटे तुकडे अंगावर राहतात आणि बाहेर पडायला आधारच उरत नाही. असा श्रिम्प क्वचितच वाचतो. चिमट्याने कवच ओढून काढायला जाऊ नका, त्यात पाय आणि कल्ले तुटतात. (मादीच्या मानेमागचा पिवळट किंवा हिरवट डाग ही रिंग नव्हे. ती अंडाशयात तयार होणारी अंडी असतात.)

दुसरं कारण नळाचं पाणी. भातसा-वैतरणेकडून येणारं धरणाचं पाणी मऊ असतं, त्यात कवचाला लागणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी. टाकीचा टीडीएस ३१० असला तरी त्यात खाद्याचे अवशेष आणि नायट्रेटही मोजले जातात, कॅल्शियम किती ते टीडीएस मीटर सांगत नाही. त्यासाठी जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा पाण्याचा कठीणपणा) मोजणारं थेंबांचं किट घ्या. ५ मिली पाण्यात एकेक थेंब टाकत जायचं. बहुतेक किटमध्ये रंग नारिंगीचा हिरवा होईपर्यंत पडलेले थेंब म्हणजे जीएच. चेरी श्रिम्पला ६ ते ८ हवा.

समजा नळाचा जीएच ३ आला आणि ७ करायचा आहे. १० लिटर पाण्याला ०.९ ग्रॅम जिप्सम आणि ०.४५ ग्रॅम एप्सम सॉल्ट घाला. पहिल्याने कॅल्शियममुळे जीएचचे तीन अंश वाढतात, दुसऱ्याने मॅग्नेशियममुळे एक. दोन्ही शुद्ध प्रतीचंच घ्या, शेतीच्या गोणीतलं नको. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा लागेल, चमचा इथे कामाचा नाही. जिप्सम फार सावकाश विरघळतं, म्हणून आदल्या संध्याकाळी बादलीत घालून रात्रभर एअरस्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू ठेवा. साधा क्लोरीनही तोवर बराचसा उडून जातो, तरी क्लोरीन काढणाऱ्या औषधाचे थेंब टाकाच. या बादलीचा टीडीएस १९० च्या आसपास भरेल.

आता बदलायची पद्धत. दर आठवड्याला फक्त ३ लिटर, म्हणजे दहा टक्के. उपसताना सायफनच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर पिल्लं बादलीत जातात. भरताना बादली स्टुलावर ठेवून एअरपंपाच्या बारीक नळीला व्हॉल्व्ह लावा आणि ३ लिटर उतरायला तास-दीड तास लागेल इतकी बारीक धार ठेवा. बादली आणि टाकीच्या तापमानात एका अंशाहून जास्त फरक नको. टाकीचा टीडीएस दोन-तीन महिन्यांत आपोआप खाली येईल, घाई करू नका.

आणि हो, बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी नळाच्या पाण्याने भरून काढत असाल तर ते थांबवा. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. तुमचा आकडा ३१० वर बहुधा असाच गेला. ती भर आरओच्या पाण्याची घाला.

प्रश्न : टाकीत पारदर्शक पोकळ श्रिम्प पडलेला दिसतो. काढू का? (सातारा)

काढू नका, ती टाकलेली कात आहे. श्रिम्प ती खातात आणि त्यातले क्षार परत मिळवतात. मेलेला श्रिम्प पोकळ नसतो, तो अपारदर्शक आणि गुलाबी-नारिंगी पडतो. तो मात्र लगेच काढा. कात टाकलेला श्रिम्प एक-दोन दिवस मऊ असतो आणि लपून बसतो, तेव्हा टाकीत मॉस (शेवाळासारखी पाणवनस्पती) भरपूर हवं.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी, टीडीएस ८००. बंगल्याला सॉफ्टनर बसवलाय. ते पाणी चालेल का? (छत्रपती संभाजीनगर)

सॉफ्टनरचं अजिबात नको. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतो. टीडीएस जवळपास तेवढाच दिसतो आणि जीएच शून्याजवळ येतो. मीटरवर विसंबणारे इथे हटकून फसतात.

सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं एक भाग पाणी आणि आरओचं तीन भाग मिसळा. आरओचा टीडीएस ४० असेल तर मिश्रण २३० च्या जवळ येतं. मग जीएच मोजा आणि त्यानुसार प्रमाण थोडं मागेपुढे करा. एकदा जुळलं की बादलीवर मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे दर आठवड्याला तेच पाणी मिळेल. बोअरच्या पाण्यात नायट्रेटही जास्त असू शकतं, तेही एकदा तपासा.

प्रश्न : एका रात्रीत सगळे श्रिम्प आडवे पडले, काही गोल गोल फिरत होते. अमोनिया, नायट्राइट शून्य. (कल्याण)

ही लक्षणं कात अडकल्याची नाहीत, विषबाधेची आहेत. पहिला संशय डासांच्या लिक्विड मशीनवर. त्यातलं ट्रान्सफ्लूथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन, स्प्रेतली तशीच औषधं आणि गल्लीतलं फॉगिंग कवचधारी जिवांना अगदी अल्प प्रमाणातही घातक असतं. एअरपंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, त्यामुळे झाकण असूनही उपयोग होत नाही. मशीन त्या खोलीतून हलवा, खिडक्यांना डासांची जाळी लावा. फॉगिंगची गाडी आली की खिडक्या बंद करून पंप अर्धा तास बंद ठेवा. जे वाचले असतील त्यांच्यासाठी फिल्टरमध्ये ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घाला आणि टीडीएस आणि जीएच टाकीशी जुळवलेल्या पाण्याने निम्मं पाणी बदला. मोठा बदल करावा असा हा जवळपास एकमेव प्रसंग.

मशीन नसेल तर नवी वनस्पती किंवा माशांचं औषध आणलं होतं का ते आठवा. माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरच्या काही औषधांत तांबं असतं.

प्रश्न : कात नीट पडावी म्हणून दुकानदार आयोडीनचे थेंब देतो. समुद्रफेसही टाकावा म्हणतात. (पणजी)

आयोडीन नको, चांगल्या खाद्यातून पुरेसं मिळतं आणि जास्त झालं तर अपायच. काष्ठौषधींच्या दुकानातला समुद्रफेस टाकायला हरकत नाही, बोटभर तुकडा उकळून. पण पीएच ७ च्या वर असेल तर तो फारसा विरघळत नाही, बहुतेक नुसता पडून राहतो.