कंसात घातलेला शब्द मोठा होत नाही

प्रश्न असा आहे: वाक्यातल्या एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल, तर तो दोन डॅशच्या मध्ये लिहावा की कंसात?

कंसात तर मुळीच नको. आमच्या इमारतीच्या फलकावर परवाच वाचले, 'सभेला सभासदांनी (स्वतः) यावे.' चिरंजीवांना पाठवू नका, हे ठासून सांगायचे होते आणि नेमका तोच शब्द कोंडून ठेवला! कंसातला मजकूर गाळला तरी वाक्य उभे राहिले पाहिजे, एवढे साधे आहे. इथे गाळून पाहा, सूचनेतला जीवच जातो. नाटकाची संहिता उघडा: '(स्वगत)', '(दाराकडे जात)' हे कंसात असते, कारण ते नटाने म्हणायचे नसते. कंस आवाज खाली आणतो.

आता हा 'कंस' शब्द आला कुठून? काही जण सांगतात, देवकी-वसुदेवांना कोंडणाऱ्या कंसमामावरून. ही निव्वळ गोष्ट झाली. कोणी संस्कृत 'कंस' म्हणजे काशाचे भांडे असे दाखवून, भांड्यात जिन्नस तसा कंसात मजकूर, असे जुळवतात. तेही मला अजिबात पटत नाही. अरबीत 'कौस' म्हणजे धनुष्य. उर्दूत या चिन्हांच्या जोडीला आजही 'कौसैन' म्हणतात, म्हणजे दोन धनुष्ये. गुजरातीत पाहा, मामा 'कंस' आणि चिन्ह मात्र 'कौंस'! शेजारच्या भाषेने दोन शब्द स्वच्छ वेगळे ठेवलेत. मराठीत ओळखीच्या नावाने अनोळखी शब्दाला आपल्याकडे ओढून घेतले, असे माझे ठाम मत आहे.

भांडेवाल्यांनी भूमितीचे पुस्तक काढावे. वर्तुळाच्या परिघाचा तुकडा म्हणजे काय? कंस! लघुकंस, विशालकंस आपण शाळेत शिकलो, कंपासने कंस काढले. त्यात भांडे कुठे बसते? आणि त्या कंसाची दोन टोके जोडणारी रेषा म्हणजे जीवा, अर्थात धनुष्याची दोरी. धनुष्य आणि दोरी आकृतीत शेजारी शेजारी आहेत, आणखी काय पुरावा हवा? याहून सुंदर गोष्ट अशी की आपली 'जीवा' अरबी गणितात 'जिबा' होऊन गेली, तिथे ती 'जैब' म्हणून वाचली गेली, जैब म्हणजे कपड्याचा घोळ, म्हणून लॅटिनमध्ये त्याचे 'सायनस' झाले आणि त्रिकोणमितीतला 'साइन' होऊन ती आपल्याकडे परत आली. दोरी आपण अरबांना दिली, धनुष्य त्यांच्याकडून घेतले. महिरपी कंसातली 'महिरप'ही मेहराबच, तीही अरबीच!

डॅशचे राहिले. त्याला आपल्याकडे अपसारणचिन्ह म्हणतात. जोडशब्दातल्या आखूड संयोगचिन्हाशी त्याची गल्लत करू नये, छापील मजकुरातही ती सर्रास होते. डॅश थांबवतो, आणि थांबल्यामुळे पुढच्या शब्दाला वजन येते: 'त्याने सगळ्यांना बोलावले — मला सोडून.' असा शेवटी एकच डॅश हवा. दोन डॅशच्या मध्ये घातलेला मजकूर कंसातल्यापेक्षा थोडा मोठ्याने ऐकू येतो, इतकेच. दर ओळीत वापरला तर तोही ऐकू येईनासा होतो.

शिवाय ही चिन्हे आपल्याकडे उशिरा आली. 1831 च्या मोल्सवर्थ कोशाच्या कामात साहाय्य करणाऱ्या थॉमस कँडी यांनी इंग्रजी वळणाची विरामचिन्हे मराठीत रुजवली. त्याआधीची मोडी पत्रे हात न उचलता, सलग लिहिलेली. त्यांत मागण्या आहेत, ताकीद आहे, विनवणी आहे, आणि जोर कुठे आहे ते सगळे कळते. कारण जोरासाठी मराठीकडे 'च' आहे. 'मीच सांगितले', 'मी सांगितलेच', 'मी त्यालाच सांगितले': एक अक्षर हलवा, जोर हलतो.

फलकावर लिहायला हवे होते: सभेला सभासदांनीच यावे.