रिकाम्या रकान्याला शून्य म्हणू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. तुमच्या काउंटीत (अमेरिकेतल्या जिल्ह्यात) गेल्या तिमाहीत ओव्हरडोसचे, म्हणजे औषध किंवा अमली पदार्थ अतिप्रमाणात गेल्याने झालेले, मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचा तक्ता तुझ्याकडे तयार आहे, वरिष्ठांना तो याच आठवड्यात जाहीर करायचाय, आणि तुझं मन घेत नाही. तुझं मन बरोबर सांगतंय. तो तक्ता आहे तसा बाहेर जाऊ देऊ नकोस.

त्या तिमाहीतली किती मृत्यू प्रमाणपत्रं कारण 'प्रलंबित' म्हणून पडून आहेत, ते आधी मोज. संशय असला की रक्त टॉक्सिकॉलॉजीला, म्हणजे त्यात कोणती औषधं-विषं आहेत या तपासणीला, जातं आणि अहवाल यायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. तोवर तो माणूस तुझ्या तक्त्यात नसतो. त्याच्या घरच्यांनी त्याला निरोप दिलेला असतो, पण तक्त्यात तो नसतो. सीडीसीसारखी अमेरिकेची केंद्रीय आरोग्य संस्थाही हंगामी आकडे चार महिन्यांनी देते, तेही बारा महिन्यांची बेरीज म्हणून, 'नोंदलेले' आणि 'अंदाजित' असे वेगवेगळे दाखवून. आणि आपण तीन महिन्यांवर घट जाहीर करायची? रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे.

घट खोटीच आहे, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत २०२३मध्ये ओव्हरडोसने सुमारे १ लाख ५ हजार माणसं गेली, २०२४मध्ये हा आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. तुमच्याकडेही उतरला असेल. पण ते तुला अजून माहीत नाही, आणि माहीत नसलेलं छापायचं नाही.

आता औषधाच्या नावाचं. दाखल्यावर नुसतं 'ड्रग ओव्हरडोस' लिहिलं की तो मृत्यू आजार-मृत्यूंच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या टी ५०.९ या कोडखाली, अनिर्दिष्ट औषधांत जाऊन पडतो आणि ओपिऑइडच्या, म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या औषधांच्या, मोजणीतून निसटतो. फेंटानिल हे अतितीव्र कृत्रिम ओपिऑइड लिहिलं तर तो टी ४०.४मध्ये येतो. पण तिथे ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही असतं, म्हणून कोडवर विसंबू नकोस, दाखल्यावरचा मूळ मजकूर वाच. बऱ्याच काउंटींत कोरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूचं कारण ठरवणारा अधिकारी, निवडून येतो, तो डॉक्टर असतोच असं नाही. तेव्हा संकोच सोड, फोन उचल आणि विचार: अहवालात काय काय सापडलं, दाखल्यावर त्यातलं काय उतरलं? रुग्णालयातली लघवीची नेहमीची ओपिएट (अफूपासूनच्या औषधांची) चाचणी फेंटानिल पकडतच नाही. नायटाझिन हे दुसरं कृत्रिम ओपिऑइड तर वेगळं शोधावं लागतं. जे शोधलंच नाही ते 'निगेटिव्ह' कसं? पुन्हा तेच: रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे.

रुग्णवाहिकेच्या नोंदी कमी झाल्या म्हणून वरिष्ठ खूश आहेत, असंही लिहिलंयस. २०२३पासून ओपिऑइडचा परिणाम उतरवणाऱ्या नॅलॉक्सोनचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय मिळतो. घरच्याच कुणी फवारा मारला, माणूस शुद्धीवर आला आणि ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोनच गेला नाही, तर तुझ्याकडे नोंद कुठून येणार? तो जगला याचा आनंद आहेच. पण ओव्हरडोस झाला होता! तुझ्या आकड्यावर उद्या फवाऱ्यांचं वाटप ठरणार आहे. निम्मे मृत्यू म्हटलंस की निम्मे फवारे मागवले जातील, हे तुला मी सांगायला हवं का?

मला या खात्यात अडेलतट्टू म्हणायचे. 'प्रलंबित'चा आकडा शेजारी छापल्याशिवाय मी एकही तक्ता सोडला नाही. बढती अडली, त्याचं काही नाही. जिवाभावाचे सहकारी दुरावले, ती खंत आहे आणि राहील. बैठकीत मला उर्मट म्हणणाऱ्यांपैकी एकानेही कोरोनरच्या कचेरीत फोन केलेला नव्हता. उद्या तीच वेळ आली तर मी तसाच वागेन.

मात्र थांबण्याच्या नावाखाली गप्प बसलीस तर मला चालणार नाही. तक्ता दे, वेळेवर दे. मृत्यू इतके, प्रलंबित इतके, औषधाचं नाव नसलेले इतके, असे तीन आकडे एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरात. तळटीप करू नकोस, तळटीप कुणी वाचत नाही. एकाच मृत्यूत फेंटानिल आणि कोकेन दोन्ही असतील तर तो दोन्हीकडे मोजला जातो, म्हणून औषधवार रकान्यांची बेरीज कुणाला करू देऊ नकोस.

सोमवारी सकाळी कोरोनरच्या कचेरीत फोन कर. साहेबांना नको, दाखले टाइप करणाऱ्या कारकुनाला गाठ. प्रलंबित किती निघाले, ते मला त्याच दिवशी कळव.