नळाचे पाणी आणि लेन्स

प्रश्न : मी महिनाभरापासून कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. सोल्यूशन संपल्यास नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याने लेन्स धुतल्या तर चालेल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही. पाणी पिण्यायोग्य असले, तरी नळाच्या कोणत्याही पाण्यात अकांथअमीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याचे कवचधारी रूप क्लोरीनलाही सहसा दाद देत नाही आणि लेन्सखाली अडकल्यास तो कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) गंभीर संसर्ग करू शकतो. डबीतले कालचे सोल्यूशन ओतून द्यावे, त्यातच नवे मिसळू नये. हात साबणाने धुऊन धागे न सुटणाऱ्या रुमालाने कोरडे करावेत, कारण पंच्याचा एक तंतूसुद्धा डोळ्यात सलत राहतो. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, जाताना मात्र चष्माच बरा. डोळा लाल झाला किंवा उजेड सोसेना, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.