विषयतज्ज्ञ ग्रंथपालाच्या पदावर रुजू होणाऱ्या तरुण सहकाऱ्यास

प्रिय सहकारी,

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात विषयतज्ज्ञ ग्रंथपाल म्हणून तुमची नेमणूक झाल्याचे वाचून मनापासून आनंद झाला. तुमची पदवी रसायनशास्त्राची, पण त्या विभागाबरोबर गणित आणि इतिहास हे दोन विभागही तुमच्याकडे सोपवले आहेत. ज्या विषयात पदवी नाही, त्या विषयाचा तज्ज्ञ म्हणून प्राध्यापकांपुढे कोणत्या अधिकाराने उभे राहायचे, असे तुम्ही विचारले आहे. या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यायला हवे, कारण पुढची अनेक वर्षे तुम्ही काम कसे कराल, हे त्यावर अवलंबून आहे.

प्राध्यापकाइतका विषय तुम्हाला यावा, अशी अपेक्षा कोणताही समंजस विभाग ठेवत नाही. तुम्हाला जाणून घ्यायचे आहे ते थोडे निराळे आहे: त्या विषयातली माणसे पुरावा कशाला म्हणतात, तो कुठे प्रसिद्ध करतात, तो किती काळ ग्राह्य धरतात आणि जुने झालेले लेखन बाजूला ठेवतात की जपून ठेवतात. हे ज्ञान स्वतंत्र आहे, कष्टाने मिळते, आणि पुष्कळदा त्या विषयाच्या पदवीधरालाही ते नसते, कारण आपल्या शाखेच्या सवयी त्याला इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्या सवयी आहेत हेच त्याच्या लक्षात येत नाही. पदवी असेल तर उत्तमच. परिभाषेची भीती राहत नाही. पण केवळ पदवीच्या बळावर हे काम होत नाही, एवढे निश्चित.

तुमचेच तीन विषय घ्या. रसायनशास्त्रात एकाच पदार्थाला शास्त्रीय, व्यापारी, जुनी आणि नवी अशी अनेक नावे असतात, म्हणून नावाने घेतलेला शोध तिथे अर्धवट राहतो. १९०७ साली सुरू झालेल्या, रसायनशास्त्रातील संशोधनाचे गोषवारे देणाऱ्या ‘केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स’ने १९६५ पासून प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र नोंदणी क्रमांक देण्याची जी पद्धत आणली, ती याच अडचणीतून आली. अ‍ॅस्पिरिन कोणत्याही नावाने छापले गेले असले, तरी त्याचा क्रमांक ५०-७८-२ हाच राहतो. शिवाय या विषयात पेटंट हेही संशोधनाचे साहित्य आहे. कित्येक संयुगांची पहिली जाहीर नोंद जर्नलमध्ये होत नाही, ती पेटंटमध्ये होते. ज्या ग्रंथपालाला हे ठाऊक नाही, तो विद्यार्थ्याला ‘या पदार्थावर काही प्रसिद्ध झालेले नाही’ असे प्रामाणिकपणे, पण चुकीचे सांगून बसेल.

गणितात काळाचे माप वेगळे आहे. सिद्ध झालेले प्रमेय जुने होत नाही, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा निबंध संदर्भसूचीत दिसला तर तो शोभेसाठी दिलेला नसतो, त्याची खरोखर गरज असते. ‘मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज’ने १९४० पासून केवळ नोंदी केल्या नाहीत, तर त्या त्या क्षेत्रातील गणितज्ञांकडून परीक्षणे लिहून घेतली, एखादा निबंध वाचावा की नाही, हे ठरवताना गणिताचे अभ्यासक आजही ती परीक्षणे वाचतात. दुसरीकडे, १९९१ साली पॉल गिन्स्पार्ग यांनी भौतिकशास्त्रासाठी सुरू केलेल्या आणि पुढे गणितासह इतर विषयांत पसरलेल्या ‘अर्काइव्ह’ या पूर्वप्रकाशन भांडारामुळे नवे काम जर्नलमध्ये येण्याच्या कितीतरी आधी सर्वांच्या हाती असते. अतिजुने आणि अगदी ताजे अशी दोन्ही टोके एकाच वेळी सांभाळावी लागणारा हा विषय आहे.

इतिहासात तर ग्रंथालयाच्या सूचीतील शब्दच संशोधकाला अडवतात, कारण आज आपण ज्या नावाने एखादी घटना ओळखतो, ते नाव तिच्या काळात नव्हतेच. दुसरे महायुद्ध होण्यापूर्वी ‘पहिले महायुद्ध’ हा शब्दप्रयोग क्वचितच होत असे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांत, म्हणजे पुस्तके विषयवार नोंदवण्यासाठी ठरवलेल्या शब्दांत, त्या युद्धाची नोंद कित्येक दशके ‘युरोपियन वॉर’ अशीच होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जुन्या सूचीत, जुन्या वर्तमानपत्रांत आणि दप्तरखान्यांत कोणत्या शब्दांनी शिरायचे, हे शिकवणे हे तुमचे काम आहे, आणि माझ्या मते या पदावरील सर्वांत आनंदाचे कामही तेच आहे.

ही समज मिळवण्यासाठी पहिल्याच महिन्यात एक गोष्ट करा. प्रत्येक विभागातील अलीकडचे आठ-दहा प्रबंध काढून केवळ त्यांच्या संदर्भसूची वाचा. पुस्तके किती, निबंध किती, परिषदांची इतिवृत्ते किती, अप्रकाशित कागदपत्रे किती, कोणत्या भाषांतील साहित्य वापरले आहे, सर्वांत जुना संदर्भ कोणत्या वर्षाचा आहे आणि त्यातले आपल्या संग्रहात काय आहे, एवढे टिपून ठेवा. विभागप्रमुखांच्या औपचारिक भेटीत जे कळत नाही, ते या सूची सांगतात. त्यानंतर विभागाच्या चर्चासत्रांना जाऊन मागच्या रांगेत बसत जा. गणिताच्या फळ्यावरचे फारसे समजले नाही तरी संकोच नको. कोणाच्या कामाचा उल्लेख होतो, कोणत्या जर्नलचे नाव घेताना आवाजात आदर येतो, हे ऐकू येईलच.

आता संदर्भसेवेकडे येते. तुमच्यासमोर येणारा प्रश्न हा बहुधा खरा प्रश्न नसतो. रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली माहितीच्या गरजेच्या चार पायऱ्या मांडल्या: मनातली अस्पष्ट बेचैनी, जाणवलेली पण नीट न मांडता येणारी गरज, स्वतःशी स्पष्ट केलेला प्रश्न, आणि शेवटी ग्रंथालयात काय मिळेल याचा अंदाज बांधून त्याला मुरड घालून विचारलेला प्रश्न. आपल्या कानावर पडतो तो चौथा. ‘प्लास्टिकवरची पुस्तके कुठे आहेत?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थिनीला समुद्राच्या पाण्यात एखाद्या बहुवारिकाचे (पॉलिमरचे) विघटन कसे मोजतात, हे हवे असू शकते. पुस्तक हा शब्द तिने वापरला, कारण ग्रंथालयात पुस्तकच मागायचे असते अशी तिची समजूत आहे. तिला कपाटाकडे बोट दाखवणे हे उत्तर नव्हे. ‘आतापर्यंत काय वाचलेत?’, ‘त्यात काय कमी वाटले?’, ‘जे मिळेल त्याचे पुढे काय करणार आहात?’ हे तीन प्रश्न शांतपणे विचारले, तर गाठ बहुतेक वेळा सुटते. यातला तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगी, आणि तोच विचारायचा राहून जातो.

एक गोष्ट आवर्जून सांगते. या संभाषणांत तुम्हाला अप्रकाशित कल्पना कळतील, आणि एकाच विभागात दोन जण एकाच प्रश्नावर, एकमेकांच्या नकळत, काम करत आहेत असेही दिसेल. एकाच्या शोधाचा विषय दुसऱ्याच्या कानावर तुमच्या तोंडून जाता कामा नये, अगदी चांगल्या हेतूनेही नाही. दोघांची गाठ घालून द्यावीशी वाटली, तर आधी दोघांचीही वेगवेगळी संमती घ्या.

ग्रंथनिवडीच्या बाबतीत दोन टोकांचा मोह असतो. एक म्हणजे संग्रह सर्वांगीण व्हावा म्हणून घेत राहणे, आणि दुसरे म्हणजे वापराच्या आकड्यांवरच सर्व सोपवणे. पहिल्या मोहाला उतारा म्हणून पिट्सबर्ग विद्यापीठातला अभ्यास लक्षात ठेवा: अ‍ॅलन केंट आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली दाखवून दिले की १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके १९७५ अखेरपर्यंत एकदाही घरी नेली गेली नव्हती. त्या निष्कर्षांवर वादही झाले, आणि देवघेवीची नोंद हा वापराचा एकच भाग आहे, हे खरेच आहे. इतिहासाचे पुस्तक वीस वर्षांनी एका संशोधकाला लागते आणि तेव्हा ते छपाईबाहेर गेलेले असते. म्हणून रसायनशास्त्राला लावलेली मोजपट्टी इतिहासाला लावू नका. जर्नलचे तसेच. सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ साली नोंदवलेले निरीक्षण आजही कामी येते: एखाद्या विषयावरील निबंधांचा मोठा वाटा मोजक्याच जर्नलांत असतो आणि उरलेले निबंध इतर असंख्य जर्नलांत विखुरलेले असतात. त्या मोजक्यांची वर्गणी जपायची, विखुरलेल्यांसाठी आंतरग्रंथालयीन देवघेव चोख ठेवायची.

वर्गणी बंद करण्याची वेळ येईलच. तेव्हा खर्चाला डाउनलोडच्या संख्येने भागून निघालेला आकडा घेऊन थेट निर्णय जाहीर करू नका. लहान विभागाचे डाउनलोड लहानच असणार. गणिताच्या पाच जणांना रोज लागणारे जर्नल त्या तक्त्यात तळाशी दिसेल. कोणत्या जर्नलवर गदा येऊ शकते याची यादी विभागाला लवकर दाखवा, त्यांचा क्रम त्यांनाच लावू द्या, आणि मग जो निर्णय होईल तो कारणांसह लेखी कळवा. वर्गणी तुटल्याचा राग प्राध्यापक विसरतात, पण न विचारता तोडल्याचा राग फार काळ टिकतो.

हेच मोजमापाच्या दुसऱ्या एका प्रकारालाही लागू आहे. युजीन गारफील्ड यांच्या १९६४ च्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’पासून पुढे संदर्भ मोजण्याची जी रीत रूढ झाली, तिच्या आधारे दोन विभागांची तुलना करून द्या, असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. दोन वर्षांच्या अवधीवर काढलेला इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधील निबंधांना मिळणाऱ्या संदर्भांची सरासरी, गणिताला न्याय देऊ शकत नाही, कारण तिथे निबंधाचा संदर्भ दिला जाऊ लागेपर्यंतच बराच काळ जातो. आणि ज्या इतिहासकाराने सारे आयुष्य ग्रंथांत मांडले, तो त्या मोजणीत जवळजवळ दिसतच नाही. हे समितीपुढे स्पष्टपणे सांगणे तुमच्या पदाच्या कर्तव्यात येते, कारण त्या खोलीत तिन्ही विषयांच्या सवयी माहीत असणारे कदाचित तुम्ही एकटेच असाल.

अध्यापनाविषयी थोडक्यात. तासाभरात सगळ्या डेटाबेसची ओळख करून देऊ नका. वर्गाला दिलेला स्वाध्याय आधी मागून घ्या आणि त्यातला एकच प्रश्न सर्वांसमक्ष, अडखळत का होईना, प्रत्यक्ष शोधून दाखवा. सध्या विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी तयार केलेल्या संदर्भसूची घेऊन येतात. त्यात लेखक खरा, जर्नल खरे, पण निबंध अस्तित्वातच नाही, असे आढळते. त्यांना दटावू नका. डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळखक्रमांक, उघडून पाहणे, जर्नलच्या त्या खंडाची अनुक्रमणिका तपासणे, निबंध मागे तर घेतला गेलेला नाही ना हे पाहणे, एवढे त्यांच्या हातून करवून घ्या. मागे घेतलेले निबंध त्यानंतरही उद्धृत होत राहतात. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधील निबंध २०१० साली पूर्णपणे मागे घेतला गेला, तरी त्याचे नाव अजून फिरते.

काही विद्यापीठांनी विषयवार ग्रंथपाल कमी करून संशोधन-डेटा, प्रकाशन, अध्यापन अशा कार्यवार चमू नेमले आहेत, म्हणून या पदाला भवितव्य आहे का, असेही तुम्ही विचारले आहे. त्या चमूंचे काम मोलाचे आहे आणि त्यांच्याशी हातमिळवणी ठेवा. पण डेटा जपून ठेवायचा म्हणजे रसायनशास्त्रात वर्णपटांच्या मूळ फाइली आणि इतिहासात दप्तरखान्याच्या परवानगीने घेतलेली छायाचित्रे व त्यांची लिप्यंतरे, आणि या दोन्हींचे हक्क व अडचणी वेगळ्या, हे ओळखणारे माणूस लागतेच. ते काम कोणत्या पदनामाखाली होते, याची मला फारशी चिंता वाटत नाही.

इतिहासाच्या प्रबंधांतील संदर्भसूचींची टिपणे तयार झाली की मला अवश्य पाठवा. त्यात अप्रकाशित कागदपत्रांचे प्रमाण किती निघते, हे मला पाहायचे आहे. त्यावरून त्या विभागासाठी पुस्तकांची खरेदी वाढवावी की दप्तरखान्यांच्या सूची आणि सूक्ष्मपटांकडे (मायक्रोफिल्मकडे) निधी वळवावा, याविषयी पुढच्या पत्रात लिहीन.

तुमची हितचिंतक