नागपुरात जुने घडीचे चाकू जमवायचे आणि रोज वापरायचे, तर काय काळजी घ्यावी?

तुमचा प्रश्न असा आहे: आजोबांचा शिंगाच्या मुठीचा घडीचा चाकू हाती आलाय, आता असे आणखी जमवायचेत, एखादा रोज जवळ बाळगायचाय, आणि नागपूरच्या हवेत ते टिकतील का याची धास्ती आहे. हवेपासूनच सुरुवात करतो, कारण कोणता चाकू घ्यायचा हे बरंचसं तिच्यावरच ठरतं.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. लाकूड, हाड, शिंग आकसतं आणि रिव्हेटच्या भोवती केसाएवढी भेग पडते. पाऊस लागला की तीच मूठ ओलावा ओढून फुगते. त्यात आपल्याकडे घरोघरी कूलर. कूलरच्या खोलीतली हवा भर उन्हाळ्यातही दमट असते, म्हणून कार्बन स्टीलची, म्हणजे स्टेनलेस नसलेल्या पोलादाची पाती पावसाची वाट न पाहता मे महिन्यातच गंजतात. संग्रह कूलर नसलेल्या खोलीत, आतल्या कपाटात ठेवा. चामड्याच्या म्यानात तर मुळीच नको. चामडं ओलावा धरून ठेवतं, पात्यावर गंजाचे डाग पडतात आणि पितळेच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो. सुती कापडात गुंडाळून डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं.

ओपिनेल घेणार असाल तर हा भाग नीट वाचा. फ्रान्सच्या साव्वा भागातला हा साधा शेतकरी चाकू १८९० पासून बनतोय. पातं जागेवर धरणारी फिरती कडी त्याला १९५५ मध्ये आली. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. मूठ बीच लाकडाची असल्यानं जुलैत फुगून पातं आत घट्ट अडकतं. पकडीनं ओढू नका, धारेला दाते पडतात. कडी उघडी ठेवून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच ठोका, पातं जरासं वर येतं. कायमचा इलाज एप्रिल-मेमध्येच करायचा, लाकूड कोरडं असताना. पातं उघडून बिजागरीजवळच्या लाकडाला आतून-बाहेरून जवसाचं तेल पाजा, अर्ध्या तासानं वरचं तेल पुसा, आठवडाभर वाळू द्या, मग पुन्हा एक हात. आणि एक गोष्ट अजिबात विसरू नका: जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चोळामोळा करून टाकली तर आपसूक पेट घेऊ शकतात. बाहेर सुटी पसरून वाळवा, मगच फेका.

जुना चाकू विकत घेताना सीताबर्डी असो की इतवारी, दुकानातच तो बंद करून उजेडाकडे धरा. पातं मुठीत सरळ मधोमध बसलंय की एका बाजूला घासतंय? मग उघडून पातं दोन बोटांत धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. हललं तर बिजागरीची खीळ झिजलीय. पाठीची स्प्रिंग चांगली असेल तर उघडताना आणि मिटताना स्वच्छ ‘टक’ आवाज येतो आणि पातं मध्येच लोंबकळत नाही. शेवटी धारेची रेघ बघा. वर्षानुवर्षं सुक्या चाकावर घासलेल्या पात्याचं पोट आत गेलेलं असतं. टोकाजवळ निळसर झाक दिसली तर पोलाद तापून मऊ पडलंय. तिथं धार लावली तरी टिकत नाही. वरचा गंज मात्र घाबरण्यासारखा नसतो, नखाला लागणारे खड्डे असतील तर सोडून द्या.

मुठीकडे कायद्याच्या नजरेनंही बघा. काळी, गुळगुळीत मूठ बहुधा म्हशीच्या शिंगाची असते, तिची अडचण नाही. खडबडीत, तपकिरी, उभ्या पन्हाळी असलेली मूठ सांबरशिंगाची असू शकते, आणि आपल्या भागात अशा जुन्या वस्तू निघतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली सांबरशिंग आणि हस्तिदंत यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. कितीही देखणी असली तरी घेऊ नका. जुन्या सेल्युलॉइडच्या रंगीत मुठी वेगळ्या डब्यात ठेवा. त्या उष्णतेनं विघटित होतात, त्यातून निघणारी वाफ शेजारच्या पात्यांनाही गंजवते. उन्हात उभ्या गाडीत तर कधीच ठेवू नका.

रोजच्यासाठी माझी पसंती छोट्या, उघडं पातं अडकवून धरणारा खटका (लॉक) नसलेल्या चाकूला: व्हिक्टोरिनॉक्सचा मिटल्यावर ५८ मिलिमीटर लांब असणारा किंवा तसाच एखादा. पाकीट फोडायला, सुतळी कापायला, पेरू चिरायला तेवढा भरपूर होतो. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू परवान्याच्या यादीत येतात, घरगुती व शेतीची अवजारं सोडून. पण त्याहून लहान म्हणजे कुठेही चालेल असं समजू नका. पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, त्यात चाकूचं नाव स्पष्ट असतं. डिसेंबरचं हिवाळी अधिवेशन, विसर्जन मिरवणूक, दीक्षाभूमीवरची गर्दी, अशा वेळी चाकू घरीच. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही. बटण दाबून उघडणारे आणि रामपुरी खिशात नकोतच, संग्रहासाठीही कुणाकडून कसेही उचलू नका.

मोसंबी, लिंबू, कैरी कापली की कार्बन स्टीलवर काळपट छटा येते. ती पुसून काढू नका, तीच पुढे तांबड्या गंजाला थोडी आड येते. मात्र रस तासभर तसाच राहिला तर खड्डे पडतात. लगेच धुवा, पुसा, बिजागरीत मेडिकलमध्ये मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एकच थेंब सोडा. खोबरेल तेल नको. ते कालांतरानं चिकट होतं, धूळ धरतं आणि स्प्रिंग जड होते.

धार घरीच लावा. हजार नंबरचा दगड, दर बाजूला पंधरा ते वीस अंश, पातं ओढताना दाब हलका. एका बाजूला घासत राहिलात की दुसऱ्या बाजूला बारीक कंगोरा हाताला लागतो. तो लागला की बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर दहा-बारा वेळा उलटं ओढा, धार पुढे ठेवून नव्हे, पाठ पुढे ठेवून. आजोबांच्या चाकूवर मात्र आधी दगड चालवू नका. एक दिवस बिजागरीत पॅराफिन मुरू द्या, हळूहळू उघडझाप करा, निघालेली काळी घाण कापडानं टिपा, आणि मूठ वर सांगितल्याप्रमाणे तपासा. सांबरशिंगाची निघाली तर विकायला किंवा बदलून घ्यायला काढू नका.