दोनदा जेवा, पण पोटभर आणि पुरेसं

प्रश्न : वय 42, उंची 155 सेंमी. दोन महिन्यांपूर्वी वजन 74 किलो होतं. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात तसं दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांच्या आत जेवते. 6 किलो उतरलं, पण आता केस मुठीमुठीने गळतायत आणि जिना चढताना दम लागतो. मी शाकाहारी आहे. डाएट सोडू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सोडण्याआधी ताटात काय असतं ते बघा. तुम्ही कळवलेलं जेवण असं आहे : दोन फुलके, फळभाजी, अर्धी वाटी पातळ वरण, काकडी. यात प्रथिनं जेमतेम 11-12 ग्रॅम. दोन्ही जेवणं मिळून 24. तुमच्या उंचीला साधारण 55 किलो वजन योग्य, आणि वजन उतरवताना त्या वजनाच्या दर किलोमागे निदान 1 ग्रॅम प्रथिन हवं. म्हणजे तुम्ही निम्म्याहून कमीवर दिवस काढताय. दोनदा जेवणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा हीच असते. मधलं खाणं बंद होतं, पण ताट पूर्वीचंच राहतं, किंवा उत्साहाच्या भरात आणखी लहान होतं.

एका जेवणात 27-28 ग्रॅम बसवायचे आहेत. सकाळी 50 ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी (5), 50 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (12), वाटीभर दही (5), 40 ग्रॅम पनीर (7). संध्याकाळी 50 ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून केलेली दोन धिरडी (12), 25 ग्रॅम कोरड्या सोयावडीची भाजी (13), ताक (3). सोयावडी गरम पाण्यातून काढून घट्ट पिळा, नाहीतर वास राहतो आणि घरचे ताटातून बाजूला काढतात. दिवसभराचं तेल चार चहाचे चमचे, त्याहून जास्त नको. एका चमच्यात 45 कॅलरी असतात आणि फोडणीत ते कोणी मोजत नाही.

वजन झपाट्याने उतरलं की केसगळती दोन-तीन महिन्यांनी सुरू होते, तुमचा हिशोब अगदी तिथेच बसतो. प्रथिनं आणि लोह पुरेसं मिळू लागलं की केस बहुतेक वेळा परत येतात, पण त्याला काही महिने लागतात. दम लागतोय म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12 आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासून घ्याच. नुसत्या तेला-शाम्पूवर पैसे घालवू नका. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी भरपूर. फार वेगाने वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

प्रश्न : यजमानांना मधुमेह आहे, सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड घेतात. त्यांनीही नाश्ता सोडून दोनदा जेवायचं ठरवलंय. चालेल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्याशिवाय अजिबात नाही. ही गोळी तुम्ही खाल्लंत की नाही हे बघत नाही, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाच लावते. नाश्ता टळला की थोड्याच वेळात घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो बराच कमी. साखर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नका, थेट रुग्णालय गाठा.

आणखी एक. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर कीटोसारखं पोळी-भात जवळपास बंद करणारं डाएट मनाने करू नका. साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. मळमळ, उलट्या, धाप ही त्याची लक्षणं, आणि ग्लुकोमीटरवर आकडा बरा दिसला म्हणून लोक घरीच बसून राहतात.

प्रश्न : पुतणीच्या लग्नाला दहा दिवस आहेत. सात दिवसांचं फळं-भाज्यांचं डाएट करू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : काटा दोन किलो खाली येईल, पण त्यात चरबी थोडीच. यकृत-स्नायूंत साठवलेली साखर संपते आणि तिच्या दर ग्रॅमसोबत धरून ठेवलेलं सुमारे 3 ग्रॅम पाणीही जातं. लग्नातल्या पहिल्या पंगतीला ते परत येतं. ब्लाउज सैल व्हायला हवा असेल तर एखाद वेळ ठीक. मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळी-टोमॅटोचा असा मारा पोटॅशियममुळे धोक्याचा आहे.

प्रश्न : रोज अनशापोटी दुधीचा रस घेते. कधी कधी कडू लागतो, मध घालून पिऊ का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : कडू लागला की थुंका आणि सगळा रस ओतून द्या. हा कडूपणा कुकुरबिटॅसिनचा. त्याने तीव्र उलट्या, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं असं होतं, आणि भारतात त्याने मृत्यूही झाले आहेत. मधाने चव झाकते, विष तसंच राहतं. रस काढण्याआधी दोन्ही टोकांचा तुकडा जिभेला लावून बघा. कडू दुधी भाजीतही घालू नका, शिजवून ते विष जात नाही. खरं तर रसाची गरजच नाही. गोड दुधीची चणाडाळ घातलेली भाजी खा, चोथाही पोटात जाईल.