लेकीला भूलतज्ज्ञ व्हायचंय, तिला हे झेपेल का?

पालकांचं पत्र, थोडक्यात: मुलगी वैद्यकीय पदवीनंतर इंटर्नशिप करते आहे. पुढे भूलशास्त्र घ्यायचं म्हणते. आम्हाला मात्र धास्ती वाटते. भूल देताना काही बिनसलं तर मिनिटभरात माणूस जातो, असं ऐकून आहोत. यश आलं की नाव सर्जनचं आणि बिघडलं की बोट भूलतज्ज्ञाकडे. शिवाय तिचा स्वभाव काळजी करणारा. कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघते. अशा मुलीला हे काम झेपेल का?

उत्तर:

तुमची भीती निराधार नाही. जानेवारी १८४८मध्ये इंग्लंडमधली हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्म दिल्यावर काही मिनिटांत दगावली. भुलीखालच्या मृत्यूची ही पहिली ठळक नोंद मानतात. आज सुसज्ज ठिकाणी निव्वळ भुलीमुळे होणारा मृत्यू लाखात एकाच्या आसपास आला आहे. हा फरक एखाद्या जादूच्या औषधाने पडला नाही. १९७८मध्ये जेफ्री कूपर आणि सहकाऱ्यांनी टाळता येण्याजोग्या शेकडो घटना तपासल्या, तेव्हा ८२ टक्के घटनांत माणसाची चूक निघाली आणि यंत्राचा बिघाड त्यामानाने थोड्याच ठिकाणी. त्यानंतर रक्तातला प्राणवायू दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर आणि बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ रोजच्या वापरात आले आणि कामाच्या पद्धतीही बदलल्या.

आता ते ‘मिनिटभरात’. श्वास सोडल्यावर फुप्फुसांत साधारण अडीच लिटर हवा उरते. त्यात २१ टक्के प्राणवायू, म्हणजे जेमतेम अर्धा लिटर. शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर वापरतं. म्हणजे श्वास थांबला की हाताशी मिनिट-दोन मिनिटं. म्हणूनच भूल देण्याआधी मास्क घट्ट धरून तीन मिनिटं शंभर टक्के प्राणवायू देतात. फुप्फुसातला नायट्रोजन निघून जातो आणि निरोगी प्रौढाच्या बाबतीत हीच मुदत आठ मिनिटांच्या आसपास जाते. लठ्ठ व्यक्ती, गर्भवती आणि लहान मुलं यांच्यात ती बरीच कमी असते. हे बिघडतं कुठे? मास्क दाढीमुळे किंवा गालाशी सैल राहतो, बाजूने हवा शिरते, मास्कला जोडलेली पिशवी श्वासाबरोबर हलत नाही, आणि घाईत तीन मिनिटांचं एक मिनिट होतं. बाहेर पडणाऱ्या श्वासातला प्राणवायू ९० टक्क्यांवर गेला का, हे मॉनिटरवर बघून मगच पुढे जायचं असतं. या कामातली सुरक्षितता बहुतेक वेळा अशीच दिसते. कंटाळवाणी, पण मोजता येणारी.

तरीही श्वासनलिकेत घालायची नळी बसली नाही तर? २००५मध्ये ब्रिटनमध्ये एलेन ब्रॉमिली यांच्या साध्या शस्त्रक्रियेच्या वेळी नेमकं हेच झालं. खोलीत अनुभवी डॉक्टर होते. नळी घालण्याचे प्रयत्न मात्र चालूच राहिले, वेळेचं भान सुटलं. एका नर्सने गळ्यातून श्वासमार्ग उघडण्याचं साहित्य आणून ठेवलं होतं, दुसरीने अतिदक्षता विभागात खाट सांगून ठेवली होती. त्यांचा इशारा कुणाच्या डोक्यात शिरला नाही. पुढे ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटी या भूलतज्ज्ञांच्या संस्थेने २०१५च्या सूचनांत सांगितलं: लॅरिंगोस्कोपने, म्हणजे घशात बघून नळी घालण्याच्या उपकरणाने, जास्तीत जास्त तीन प्रयत्न, चौथा फक्त अधिक अनुभवी व्यक्तीचा. मग घशात बसणारं मास्कचं उपकरण, मग चेहऱ्यावरचा मास्क, आणि प्राणवायू पोचतच नसेल तर गळ्याला छेद. त्यासाठी १० नंबरचं ब्लेड, बुजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक कांडी) आणि फुगवता येणारा कफ असलेली ६ नंबरची नळी. हे साहित्य कोणत्या खणात आहे, हे भूल देण्याआधीच माहीत हवं.

म्हणून तुमच्या लेकीबद्दल मी विचारेन तो प्रश्न हाताच्या कौशल्याचा नाही. ते सरावाने येतं. वरिष्ठ डॉक्टर चौथ्यांदा प्रयत्न करत असताना ती मोठ्याने ‘सॅच्युरेशन ८० आहे, थांबूया’ असं म्हणेल का? आणि स्वतः अडकली तर लगेच मदत बोलावेल का? मॅलिग्नंट हायपरथर्मिया, म्हणजे भुलीच्या काही औषधांमुळे शरीराचं तापमान झपाट्याने वाढणं, ही दुर्मिळ आपत्ती घ्या. ७० किलोच्या रुग्णाला त्यावरच्या डँट्रोलिन या औषधाचा पहिला डोस १७५ मिलिग्रॅम. नेहमीच्या कुपीत असतं २० मिलिग्रॅम. म्हणजे नऊ कुप्या, प्रत्येकीत ६० मिलिलिटर पाणी घालून ढवळायचं. निव्वळ औषध कालवायला दोन माणसं लागतात. एकट्याने सगळं सांभाळण्याची ज्याला हौस आहे, त्याने हे क्षेत्र घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तीनदा कुलूप ओढण्याचं म्हणाल तर तो गुण इथे कामाचा आहे, एका अटीवर: तपासून झालं की मन मोकळं व्हायला हवं. स्पायनलसाठी, म्हणजे पाठीच्या कण्यात द्यायच्या भुलीसाठी, बुपिव्हॅकेन हे औषध भरताना अँप्यूलवरचं (काचेच्या छोट्या कुपीवरचं) नाव वाचणं ही तपासणी आहे. सारख्या दिसणाऱ्या अँप्यूलमुळे पाठीच्या कण्यात रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड गेल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. त्यात झटके येतात, अनेक रुग्ण दगावतात. पण वाचून, दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवून, सिरिंजला लेबल लावल्यावरही हात थरथरत राहत असेल, तर त्यावर समुपदेशकाची मदत आधी घ्या, विषय नंतर निवडा.

तपासणीची यादी वाचली म्हणजे काम झालं, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित शस्त्रक्रियेसाठीची २००८ची १९ मुद्द्यांची यादी आठ रुग्णालयांत वापरली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यावर आलं. पण ‘अँटिबायोटिक गेल्या ६० मिनिटांत दिलं का?’ या प्रश्नाला, वॉर्डात तीन तासांपूर्वी दिलं असताना नुसतं ‘हो’ म्हटलं, तर यादीतल्या त्या बरोबरच्या खुणेला काही अर्थ नाही.

नाव सर्जनचं होतं, हे खरंच आहे. त्याचं वाईट वाटणार असेल तर आत्ताच विचार करावा. पण हे क्षेत्र आता ओटीच्या दाराशी संपत नाही. जगात दरवर्षी सुमारे ४२ लाख माणसं शस्त्रक्रियेनंतरच्या ३० दिवसांत दगावतात, असा २०१९चा अंदाज आहे. अमेरिकेतल्या २००९च्या एका अभ्यासात कमी आणि जास्त मृत्युदराच्या रुग्णालयांत गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. फरक होता तो गुंतागुंत झाल्यावर रुग्ण वाचण्यात: एकीकडे अशा रुग्णांपैकी १२.५ टक्के दगावले, दुसरीकडे २१.४. शस्त्रक्रियेआधी रक्तक्षय सुधारणं, वेदनाशमन, अतिदक्षता, वॉर्डात बिघडणारा रुग्ण वेळेत ओळखणं, ही सगळी भूलतज्ज्ञाची वाढती कामं आहेत. रुग्णसुरक्षेत रस असणाऱ्याला इथे भरपूर वाव आहे.

तिला इंटर्नशिपमध्येच एक करायला सांगा. एक रुग्ण आदल्या दिवशी तपासणीपासून तिसऱ्या दिवशीपर्यंत सोडू नये. उपवास किती तास झाला, स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा असर उतरल्याचं ट्रेन ऑफ फोरवर (मज्जातंतूला चार सौम्य विद्युत झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद बघण्याच्या चाचणीवर) मोजलं का आणि गुणोत्तर ०.९ आलं का, रिकव्हरीत अंग गार होतं का, रात्री वॉर्डात श्वासाचा वेग कुणी मोजला, हे टिपून ठेवावं. यात तिचं मन रमलं तर अडवू नका. पुढे जागा निवडताना तिने तीन गोष्टी विचाराव्यात: प्रत्येक टेबलावर कॅप्नोग्राफ आहे का, रात्री वरिष्ठ प्रत्यक्ष हजर असतात का, आणि विभागात झालेल्या चुकांवर नाव न घेता नियमित चर्चा होते का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं, तर ती जागा सोडून दुसरी बघावी.